एकोणिसाव्या शतकातला इंग्रज पूर्वज शोधताना: चर्चची रजिस्टरे, सरकारी दाखले आणि पुराव्याची शिस्त

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील अगदी सामान्य मजुराच्याही जन्माची, लग्नाची आणि मृत्यूची नोंद बहुधा कुठे ना कुठे सापडते. अडचण कागद नसण्याची क्वचितच असते. एकाच नावाची, साधारण एकाच वयाची आणि जवळपासच्याच गावांतली चार-पाच माणसे एकदम समोर येतात, आणि त्यांतला आपला कोण हे ठरवता येत नाही, ही खरी अडचण असते. म्हणून या लेखात नोंदी कुठे मिळतात हे सांगितले असले, तरी मिळालेला माणूस आपलाच आहे हे कसे सिद्ध करायचे, यावर अधिक भर दिला आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि इंग्रज घरांशी सोयरीक जुळलेल्या मराठी कुटुंबांना, तसेच पुणे, खडकी, अहमदनगर किंवा बेळगाव येथल्या छावण्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना हा शोध आता वरचेवर करावा लागतो.

आपल्याकडे कुलवृत्तांत असतात, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या असतात, आणि त्यांत नोंद घराण्यानुसार केलेली असते. एक नाव सापडले की त्याच्या मागची नावे आपोआप हाती येतात. इंग्लंडमधील नोंदी मात्र स्थळानुसार आणि प्रसंगानुसार ठेवलेल्या आहेत. कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत, कोणत्या दिवशी कोणाचा बाप्तिस्मा झाला एवढेच रजिस्टर सांगते. दोन नोंदींमधला नात्याचा धागा शोधणाऱ्यालाच विणावा लागतो, आणि चूक नेमकी तिथेच होते.

सुरुवात शेवटाकडून

घरात सांगितल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या पूर्वजापासून शोध सुरू करण्याचा मोह टाळावा. ज्या पिढीबद्दल कागदोपत्री खात्री आहे तिथून एकेक पिढी मागे जावे. एका कागदावर त्या व्यक्तीबद्दल जे काही ठाऊक आहे ते सगळे लिहावे, आणि प्रत्येक गोष्टीसमोर ती कशावरून ठाऊक आहे हेही लिहावे: दाखल्यावरून, कौटुंबिक बायबलमधल्या नोंदीवरून, थडग्यावरच्या अक्षरांवरून की केवळ आजीच्या सांगण्यावरून. इतरांनी इंटरनेटवर टाकलेल्या वंशावळी या पुरावा नव्हेत. त्या वाचाव्यात, त्यांतून सुगावा घ्यावा, पण मूळ नोंदीचे छायाचित्र स्वतः पाहिल्याशिवाय त्यांतला एकही दुवा आपल्या वंशवृक्षात उतरवून घेऊ नये. एकाने चुकून जोडलेला बाप पुढच्या शंभर जणांनी उतरवून घेतला, तरी तो शंभर साक्षीदारांनी सांगितलेला बाप ठरत नाही.

कोणती नोंद केव्हापासून

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी असून ती १८५५ पासूनची आहे, आणि आयर्लंडमधली पूर्ण नोंदणी १८६४ पासूनची. जनगणनेत जन्मस्थान म्हणून यांपैकी एखादा देश लिहिलेला असेल, तर इंग्लंडच्या सूचीत वेळ घालवू नये. १८३७ पूर्वीचा आधार म्हणजे चर्चची रजिस्टरे. ती ठेवण्याचा आदेश १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने दिला. १७५४ पासून विवाहांची नोंद स्वतंत्र आणि ठरावीक स्वरूपात होऊ लागली, आणि १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्मा व दफन यांच्यासाठी छापील रकान्यांची रजिस्टरे सक्तीची झाली. १८१३ नंतरच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचा व्यवसाय असतो. आईचे माहेरचे आडनाव मात्र नसते. दफनाच्या नोंदीत नाव, ठिकाण आणि वय एवढेच मिळते. पण हेच वय पुढे फार उपयोगी पडते.

सरकारी सूचीत शोध

राष्ट्रीय नोंदणी कार्यालयाच्या सूची वर्षाच्या चार तिमाह्यांत विभागलेल्या आहेत आणि तिमाही नोंदणीच्या तारखेवरून ठरते, जन्माच्या तारखेवरून नव्हे. जन्माची नोंद करायला ४२ दिवसांची मुदत असल्यामुळे डिसेंबरात जन्मलेले मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडणे नेहमीचेच आहे. मुदत उलटून गेलेले आईबाप जन्मतारीखच थोडी पुढे सरकवून सांगत, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली जन्मतारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळली नाही, तर लगेच दोन वेगळी मुले आहेत असे समजू नये.

सूची दोन प्रकारे पाहता येते आणि दोन्ही पाहाव्यात. पहिली म्हणजे स्वयंसेवकांनी जुन्या सूचीवरून उतरवलेली 'फ्रीबीएमडी' ही विनामूल्य सूची. दुसरी नोंदणी कार्यालयाने स्वतः मूळ नोंदींवरून नव्याने केलेली ऑनलाइन सूची. तिच्यात विवाह नाहीत, पण जुन्या छापील सूचीत आईचे माहेरचे आडनाव १९११ च्या उत्तरार्धापासूनच मिळते, ते या नव्या सूचीत थेट १८३७ पासून मिळते. मृत्यूसमयीचे वयही जुन्या सूचीत १८६६ पासून, तर नव्या सूचीत सुरुवातीपासून आहे.

आईच्या माहेरच्या आडनावाची सोय किती मोलाची आहे हे एका युक्तीवरून कळेल. दाम्पत्याचे आडनाव आणि पत्नीचे माहेरचे आडनाव एवढेच देऊन त्या जिल्ह्यात लग्नानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांचा शोध घ्यावा. दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून वारलेल्या मुलांसह सगळी भावंडे एका रांगेत उभी राहतात, आणि ज्याचा जन्म सापडत नव्हता ते मूल भलत्याच पाळण्यातल्या नावाने नोंदलेले असल्याचेही अनेकदा इथेच उघड होते. आईच्या आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर बहुधा मूल अविवाहित आईचे असते आणि आडनाव आईचेच असते.

विवाहांसाठी 'फ्रीबीएमडी'च वापरावी लागते. सूचीत पती आणि पत्नी वेगवेगळे नोंदलेले असले, तरी दोघांचा जिल्हा, खंड आणि पान हे एकच असते. पानाच्या क्रमांकावर टिचकी मारली की त्या पानावरची सगळी नावे दिसतात. त्यांतून पत्नीचे पाळण्यातले नाव जनगणनेवरून ठाऊक असल्यास तिचे माहेरचे आडनाव अंदाजाने काढता येते. एका पानावर एकाहून अधिक विवाह असल्यामुळे हा अंदाजच समजावा.

दाखला नीट वाचणे

दाखल्यासाठी पैसे मोजावे लागतात, म्हणून कोणता दाखला मागवायचा हे विचार करून ठरवावे. चर्चमध्ये झालेल्या विवाहाचा दाखला मागवण्याआधी त्या चर्चच्या रजिस्टराचे छायाचित्र 'अॅन्सेस्ट्री', 'फाइंडमायपास्ट' किंवा 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळांवर आहे का ते पाहावे. लंडनपासून अनेक परगण्यांपर्यंतची, म्हणजे काउंट्यांपर्यंतची, रजिस्टरे तिथे आहेत. राष्ट्रीय कार्यालयाकडची प्रत ही स्थानिक नोंदीवरून उतरवलेली नक्कल असते, तर चर्चच्या रजिस्टरात वधूवरांच्या स्वतःच्या सह्या किंवा अंगठाबहाद्दरांनी काढलेली फुली असते. दोन उमेदवारांतला एक सही करणारा आणि दुसरा फुली काढणारा निघाला, की निवड बरीच सोपी होते.

१८३७ नंतरच्या विवाहनोंदीत दोघांच्या वडिलांची नावे आणि व्यवसाय असतात, म्हणून एक पिढी मागे जाण्यासाठी ही सर्वांत चांगली नोंद आहे. वयाच्या रकान्यात 'फुल एज' असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ एकवीस किंवा त्याहून अधिक एवढाच. तो माणूस बावीस वर्षांचा असेल किंवा साठ वर्षांचा. वडिलांच्या नावापुढे 'मृत' असे लिहिलेले नाही म्हणून ते हयात होते असे धरू नये. शिवाय अनौरस जन्मलेली माणसे लग्नाच्या वेळी कधी आजोबांचे, कधी सावत्र वडिलांचे, तर कधी चक्क कल्पित वडिलांचे नाव देत.

जन्मदाखल्यात आईच्या नावाची रचना बारकाईने पाहावी. 'फॉर्मर्ली' या शब्दानंतर माहेरचे आडनाव येते. त्याच्या जोडीला 'लेट' असा शब्द आणि आणखी एक आडनाव असेल, तर ते तिच्या आधीच्या नवऱ्याचे असते. अशा बाईचे दुसरे लग्न माहेरच्या आडनावाने शोधत बसल्यास ते कधीच मिळणार नाही. मृत्युदाखल्यात आईवडिलांची नावे सहसा नसतात, पण खबर देणाऱ्याचे नाव आणि पत्ता असतो, आणि लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचे सासरचे आडनाव पुष्कळदा तिथेच मिळते.

जनगणनेचा सांगाडा

सरकारी दाखले आणि चर्चची रजिस्टरे यांना जोडणारी नोंद म्हणजे दर दहा वर्षांची जनगणना. नावानिशी उपयोगी पडणारी पहिली जनगणना ६ जून १८४१ ची. तिच्यात पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती, कुटुंबप्रमुखाशी नाते दिलेले नाही आणि जन्म त्याच परगण्यात झाला का, आणि नसल्यास स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात झाला का, एवढेच विचारलेले आहे. ३० मार्च १८५१ च्या जनगणनेपासून मात्र नाते, वैवाहिक स्थिती, वय आणि जन्माची पॅरिश मिळते. म्हणून १८५१ पर्यंत जिवंत राहिलेला पूर्वज आणि त्याआधी वारलेला पूर्वज यांच्या शोधात फार मोठा फरक पडतो.

एकाच जनगणनेवर विसंबू नये. १८५१ पासून मिळतील तितक्या जनगणनांतली वये आणि जन्मस्थाने एका तक्त्यात मांडावीत. घरापासून लांब राहणारा माणूस जन्मस्थान म्हणून जवळचे मोठे शहर सांगतो आणि गावाजवळ परतला की नेमके खेडे सांगतो. वयातला दोन-तीन वर्षांचा फरक सहज चालतो. विधवा आणि नवऱ्यापेक्षा मोठ्या असलेल्या बायका यांच्या वयात त्याहून अधिक फरक दिसला, तरी चकित होऊ नये.

रजिस्टराकडे जाताना

जन्माची पॅरिश कळल्यावर आधी नकाशा उघडावा. 'फॅमिलीसर्च'वरचा १८५१ च्या पॅरिशहद्दींचा नकाशा आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेले जुने मोजणी-नकाशे दोन्ही विनामूल्य आहेत. शेजारच्या सगळ्या पॅरिश एका यादीत लिहून पाच मैलांच्या परिघातली रजिस्टरे तपासावीत. उत्तरेकडच्या औद्योगिक भागात परीघ मोठा घ्यावा लागतो, कारण तिथल्या पॅरिश अवाढव्य होत्या. मँचेस्टरच्या जुन्या कॉलेजिएट चर्चमध्ये, जे आज तिथले कॅथीड्रल आहे, आसपासच्या कितीतरी वस्त्यांतली जोडपी लग्नाला येत. तिथे लग्न झाले म्हणून कुटुंब मँचेस्टर शहरातले ठरत नाही.

बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. चार्ल्स डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ चा आणि बाप्तिस्मा ४ मार्चचा, म्हणजे अंतर महिन्याहून कमी. पण गरीब घरांत चार-पाच भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकल्याची उदाहरणे भरपूर आहेत. त्याच डिकन्सचे एक नाव रजिस्टरात एका जास्तीच्या अक्षरासह उतरले आहे. सुशिक्षित घराची ही गत असेल, तर अक्षरओळख नसलेल्या मजुराचे आडनाव पाद्र्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले यात नवल नाही. सुरुवातीचा 'ह' गळलेला किंवा उगाच आलेला असणे, हे फार आढळते. मेरीची पॉली, अ‍ॅनची नॅन्सी, मार्गारेटची पेगी, सेराची सॅली आणि हेन्रीचा हॅरी होतो, हेही लक्षात ठेवावे.

रजिस्टर हरवले असेल किंवा पाने जीर्ण झाली असतील, तर बिशपकडे दरवर्षी पाठवल्या जाणाऱ्या नकला पाहाव्यात. बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट असे राजमान्य चर्चबाहेरचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे, पंथ मानणाऱ्यांची मुले पॅरिशच्या रजिस्टरात नसतात; त्यांची बरीच रजिस्टरे १८३७ नंतर सरकारकडे जमा झाली आणि आज लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारात, आहेत. लग्न पॅरिश चर्चमध्ये आणि मुलांचे बाप्तिस्मे मात्र कुठेच नाहीत, असे चित्र दिसले की आधी हीच शंका घ्यावी, कारण १८३७ पूर्वी क्वेकर पंथाचे ख्रिस्ती आणि ज्यू सोडून सर्वांना कायदेशीर लग्न राजमान्य चर्चमध्येच लावावे लागे.

माणूस मिळतच नाही तेव्हा

काही जन्म नोंदलेच गेले नाहीत, हे पहिले कारण. सुरुवातीला जन्माची माहिती मिळवण्याची जबाबदारी नोंदणी अधिकाऱ्यावर होती. १८७५ पासून ती आईवडिलांवर आली आणि दंडाची तरतूद झाली. त्यामुळे १८३७ ते १८७४ या काळातला जन्म सरकारी सूचीत मिळाला नाही, तर बाप्तिस्म्याच्या नोंदीवर समाधान मानावे लागते.

दुसरे कारण म्हणजे बदललेले नाव. इंग्लंडमध्ये आडनाव बदलायला कोणत्याही कागदाची गरज नव्हती. नव्या नावाने वावरू लागले की पुरे. कायदेशीर दत्तकविधान १९२७ पर्यंत नव्हतेच, त्यामुळे वाढवलेले मूल सांभाळणाऱ्याचे आडनाव लावत असे. आफ्रिकेत प्रवास करून गाजलेला हेन्री मॉर्टन स्टॅनली १८४१ मध्ये वेल्समधल्या डेनबी येथे अनौरस म्हणून जन्मला तेव्हा त्याचे नाव जॉन रोलंड्स होते, आणि स्टॅनली हे नाव त्याने अमेरिकेत घेतले. चित्रकार टर्नर चेल्सीमध्ये सोफिया बूथ या विधवेबरोबर राहताना शेजाऱ्यांना मिस्टर बूथ म्हणूनच ठाऊक होता. विधवेने पुन्हा लग्न केल्यावर तिची आधीची मुले एका जनगणनेत सावत्र बापाच्या आडनावाने आणि पुढच्या जनगणनेत पुन्हा मूळ आडनावाने दिसतात, हा प्रकार तर फारच सामान्य आहे.

तिसरे कारण, लग्नच न मिळणे. घटस्फोट १८५८ पासून न्यायालयात मिळू लागला, तरी तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. त्यामुळे विभक्त झालेली माणसे दुसऱ्याबरोबर पतिपत्नी म्हणून राहत, किंवा दूरच्या शहरात जाऊन बेकायदेशीरपणे दुसरे लग्न करत. १८३५ च्या कायद्याने मृत पत्नीच्या बहिणीशी केलेले लग्न रद्दबातल ठरत असे आणि ही बंदी १९०७ पर्यंत टिकली. चित्रकार विल्यम होल्मन हंटने १८७५ मध्ये मेहुणीशी लग्न केले ते त्यामुळेच स्वित्झर्लंडला जाऊन. ज्यांना स्वित्झर्लंड परवडत नव्हते, ते ओळखपाळख नसलेल्या मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये जात. म्हणून लग्नाची तारीख पहिल्या मुलाच्या जन्माआधीच असली पाहिजे असे गृहीत धरू नये. शोध पहिल्या मुलाच्या जन्मानंतर किमान वीस वर्षे पुढेपर्यंत न्यावा, कारण आधीचा जोडीदार वारल्यावर उशिरा लग्न केलेली जोडपी बरीच आहेत.

चौथे कारण म्हणजे दारिद्र्य, आणि ते शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडते. मदत मागणारा माणूस कोणत्या पॅरिशची जबाबदारी आहे, हे ठरवण्यासाठी त्याची शपथेवर चौकशी होई, आणि त्या जबानीत जन्म कुठे झाला, कुठे चाकरी केली, लग्न कोणाशी झाले हे सगळे त्याच्या तोंडून उतरवलेले असते. अशी कागदपत्रे, वर्कहाउसची, म्हणजे काम करवून घेऊन निराधारांना ठेवणाऱ्या आश्रयगृहांची, भरती-रजिस्टरे आणि अनौरस मुलाच्या बापाकडून पोटगी वसूल करण्याचे आदेश परगण्यांच्या अभिलेखागारांत असतात. त्यांतले पुष्कळसे अजून ऑनलाइन नाही. अभिलेखागाराला नेमका प्रश्न विचारून पत्र पाठवावे. माझ्या मते श्रीमंत पण गप्प पूर्वजापेक्षा कंगाल पूर्वजाची हकिगत अनेकदा अधिक तपशिलाने मिळते.

पाचवे कारण आपल्या अंगणातले आहे. एखादा तरुण दोन जनगणनांत दिसत नाही आणि तिसऱ्या जनगणनेत त्याच्या एका मुलाचे जन्मस्थान 'ईस्ट इंडीज' असे लिहिलेले असते. अशा वेळी मुंबई इलाख्यातून लंडनला पाठवलेल्या चर्चनोंदींच्या नकला पाहाव्यात. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि 'फाइंडमायपास्ट'वरही पाहता येतात. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'ची शोधसूची विनामूल्य आहे. कुलाब्याचे अफगाण चर्च किंवा पुणे कँपातले सेंट मेरीज चर्च इथल्या भिंतींवरचे स्मृतिलेख आणि छावण्यांच्या जुन्या दफनभूमींतली थडगी ही महाराष्ट्रातल्या वाचकाला स्वतः जाऊन पाहता येतात, आणि इंग्लंडमधले नातेवाईक अशा छायाचित्रासाठी फार आभारी असतात. सामान्य शिपाई निवृत्तिवेतन घेऊन परतला असेल, तर त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर, जे क्यूला आहेत, जन्माची पॅरिश लिहिलेली असते.

उमेदवार बाद करण्याची पद्धत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, १८५१ च्या जनगणनेत जॉन टेलर, वय ३२, सुतार, जन्म लँकशायरमधील बरी या गावचा, असा पूर्वज मिळाला आणि १८४२ च्या विवाहनोंदीत त्याच्या वडिलांचे नाव विल्यम, व्यवसाय सुतार असे आहे. वयावरून जन्म १८१८-१९ चा ठरतो. बरी आणि आसपासच्या चर्चमध्ये १८१६ ते १८२१ या काळात विल्यम टेलरच्या जॉन नावाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे सापडले, असे धरू. इथे बहुतेक लोक वय सर्वांत जवळ येणारा उमेदवार निवडतात. तसे न करता तिघांनाही आधी मारून पाहावे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांची दफने तपासली आणि पहिला वयाच्या चौथ्या वर्षी वारल्याचे दिसले, तर तो बाद. दुसरा १८५१ मध्ये बरीतच विणकर म्हणून वेगळ्या बायकोसह नांदताना दिसला आणि त्याच्या विवाहनोंदीतला बाप विल्यम विणकर असेल, तर तोही बाद. उरलेल्या तिसऱ्याच्या बाप्तिस्म्यात बापाचा व्यवसाय सुतार असला, तर दुवा बळकट झाला. पण एवढ्यावर थांबू नये.

त्या तिसऱ्याची भावंडे शोधावीत आणि त्यांची पुढची आयुष्ये पाहावीत. जॉनच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करणारी बाई त्याच्या बहिणीच्या नावाची आहे का? पुढच्या एखाद्या जनगणनेत त्याच्या घरी भाचा, पुतण्या किंवा विधवा आई राहते का? म्हाताऱ्या विल्यमचा मृत्यू कोणी कळवला? मृत्युपत्र आहे का? १२ जानेवारी १८५८ नंतरच्या मृत्युपत्रांची राष्ट्रीय सूची ऑनलाइन आहे, त्याआधीची चर्चच्या न्यायालयांत नोंदली जात. एक लक्षात ठेवावे की वारलेल्या मुलाचेच नाव पुढच्या मुलाला देण्याची तिथे रीत होती, त्यामुळे चौथ्या वर्षी वारलेल्या जॉनच्या मागून त्याच आईबापांना दुसरा जॉन झाला नव्हता ना, हेही पाहावे लागते. झाला असल्यास बाद केलेले घर पुन्हा शर्यतीत येते.

सगळे तपासूनही दोन उमेदवार उरले, तर दोघांचीही नावे, बाजूचे आणि विरोधी पुरावे आणि कोणती रजिस्टरे पाहिली याची यादी लिहून ठेवावी, आणि वंशवृक्षात त्या जागी प्रश्नचिन्ह राहू द्यावे. नवी रजिस्टरे दरवर्षी ऑनलाइन येत असतात. पुढे एखादे रजिस्टर उघडले की कोणता प्रश्न घेऊन त्यात शिरायचे, हे त्या टिपणावरून लगेच कळेल.